ब्रेक तुझ्याकडे असायचा

पॉइंट कुक, मेलबर्न
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. आईला आणि मेधावहिनीला सांग, आम्ही तिघं बरे आहोत. पत्र पोचेपर्यंत दिवाळी उलटून गेली असेल. वहिनीने फराळ पोस्टाने पाठवायच्या भानगडीत पडू नये. डिसेंबरात तू येशील तेव्हा चकल्या घेऊन ये आणि विमानतळावर कस्टम्सच्या फॉर्मवर तसं इमानदारीत लिही.

या जमान्यात पत्र कसलं, असं म्हणशील. फोनवर आई शेजारी बसून ‘काय म्हणतोय?’ विचारत असते आणि व्हिडिओवर तुला माझा चेहरा दिसतो. म्हणून पत्र.

नवी बातमी फारशी नाही. मैथिलीचं ऑफिस आठवड्यातून तीन दिवस. मितालीला नऊ पुरी झाली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, पण रागावली की अस्सल चिंचवडची होते. मी सध्या बस आणि ट्रेनने जातो. इथे स्टेशनपर्यंत जायलासुद्धा लोक गाडी काढतात, त्यामुळे सकाळच्या बसमध्ये मी, दोन आज्जीबाई आणि शाळेची पोरं. पाय मोकळे होतात, असं मी सगळ्यांना सांगतो.

वाढदिवसाला मितालीने काय मागितलं असेल? आपल्या रेसच्या गेमचा नवा भाग. कितवा, देव जाणे. आपण तिसऱ्यानंतर मोजणं सोडलं. डाउनलोड व्हायला अख्खा दिवस गेला. गाड्या इतक्या खऱ्या की काचेवरचा थेंबसुद्धा वाऱ्याने मागे सरकतो. मी दोन मिनिटं कंट्रोलर धरला आणि खाली ठेवला. ‘Baba, you're so bad at this,’ ती म्हणाली.

आपल्या दुसऱ्या भागातली झाडं पुठ्ठ्याची होती. डोंगर रस्त्यावर अचानक उगवायचा, आणि प्रेक्षकांत तीच चार डोकी पुन्हा पुन्हा बसलेली असायची. पण त्यातलं एकेक वळण मला अजून पाठ आहे. बोगदा, मग पूल, मग दीपगृहाजवळचं ते नालायक उजवं वळण. परवा जुन्या लॅपटॉपवर ती गेम चालवून पाहिली. चालत नाही. शेवटी कुणीतरी टाकलेला व्हिडिओ पाहिला. तो लोडिंगचा खर्रर्र आवाज आला आणि मला बाबांचा ‘अभ्यास झाला का?’ ऐकू आला. वेडेपणा आहे, पण डोळ्यांत पाणी आलं.

आईचा नियम आठवतो? प्रत्येकी अर्धा तास, घड्याळ लावून. मग तू शक्कल काढलीस की दोघं एकच गाडी चालवू, म्हणजे सलग एक तास मिळेल. डावा-उजवा बाण माझा, वर-खालचा तुझा. मी वळवायचं, तू पळवायचं आणि थांबवायचं. एका खुर्चीत दोन बुडं. दीपगृह आलं की मी ‘ब्रेक!’ ओरडायच्या आधीच तुझं बोट खाली गेलेलं असायचं. चार वर्षं आपण असे खेळलो आणि कॉलनीत कुणाच्या बापाला हरलो नाही.

आता एक कबुली देतो. तू परीक्षेला नागपूरला गेलास तेव्हा ‘मी गेमला हात लावला नाही’ असं मी सांगितलं होतं. लावला होता. तीन दिवस एकट्याने खेळलो आणि दर वेळी दीपगृहावर आपटलो. मला ब्रेक दाबायचं सुचायचंच नाही. ते काम कधी माझं नव्हतंच.

हे इतकं पाल्हाळ कशासाठी, ते तुझ्या लक्षात आलं असेल. लहानपणीही मी दहा रुपये हवे असले की आधी तुझ्या शर्टाची तारीफ करायचो.

तुझा मेसेज आला होता, ‘ग्रेट ओशन रोडला गाडी तू चालव, मी नुसता समुद्र बघणार.’ मी त्यावर अंगठा टाकला. दादा, तो अंगठा खोटा आहे. मी सात आठवडे आमच्या गाडीला हात लावलेला नाही.

ऑगस्टच्या शेवटी, शनिवारी दुपारी, मितालीला वेरिबीहून पोहण्याच्या क्लासवरून आणत होतो. फ्रीवेवर गाडी डावीकडे गेली आणि कडेच्या तारांच्या कठड्याला घासत, उडत थांबली. आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. मितालीच्या खांद्यावर पट्ट्याचा निळा वळ उठला, तो दहा दिवसांत गेला. मैथिलीला मी सांगितलं की एका ट्रकने कट मारला.

ट्रक नव्हता. मला झोप लागली होती.

त्या आठवड्यात ऑफिसचं मोठं काम होतं, रोज चार तास झोप. बाहेर थंडी, आत हीटर, मागे मिताली टॅबवर गाड्या पळवत होती. त्या इंजिनाच्या आवाजात मला आपल्या घरात असल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, क्षणभर वाटलं की तू शेजारी आहेस. कठड्याचा आवाज आला तेव्हा मी जागा झालो आणि स्टिअरिंग फिरवत राहिलो. पाय जागचा हलला नाही. गाडी आपली आपण थांबली. मिताली रडली नाही. म्हणाली, ‘Baba, you didn't brake.’

मैथिलीला ती हे बोलली नाही. का, ते मी विचारलेलं नाही. तिला बहुतेक कळलंय की ट्रक नव्हता, आणि ती माझ्यासाठी गप्प आहे. नऊ वर्षांच्या पोरीला मी हे ओझं दिलं. मला स्वतःची लाज वाटते, दादा.

गाडी दुरुस्त होऊन दारात उभी आहे. ‘कधी चालवणार?’ मैथिली विचारते, मी पाठ दुखते म्हणतो. तिच्यापासून लपवून, दर मंगळवारी लंच ब्रेकमध्ये मी ड्रायव्हिंगचा क्लास लावलाय. एकोणीस वर्षं लायसन्स असलेला माणूस! शिकवणारा राजीव दिल्लीचा. त्याच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही ब्रेक असतो. पहिल्या दिवशी मी वीसच्या वर जाईना. तो म्हणाला, ‘आराम से, भाईसाहब. ब्रेक मेरे पास भी है.’

दादा, मी गाडी बाजूला घेऊन रडलो. त्याला वाटलं पाठीत कळ आली.

गेल्या मंगळवारी फ्रीवेवर गेलो. उतरताना त्याने सांगितलं, ‘आज मैंने पैर लगाया ही नहीं.’ म्हणजे सगळे ब्रेक मीच दाबले होते.

तरी आमच्या गाडीत तुझ्या बाजूला ब्रेक नाही, हे मला तुला सांगायला हवं होतं. समुद्राकाठचा तो रस्ता आपल्या दीपगृहाच्या ट्रॅकसारखाच आहे, एका बाजूला कडा, दुसरीकडे पाणी. तुला माझ्या शेजारी बसायचं नसेल तर बसने जाऊ. मी रागावणार नाही. पण तिकीट रद्द करू नकोस.

इथपर्यंत लिहिलं आणि पेन ठेवलं. तुला सांगतोय आणि घरातल्या बाईला नाही, हे काही बरोबर दिसेना. कागद मैथिलीला दिले. तिने ओट्यापाशी उभ्यानेच वाचले, दोनदा. मग गाडीची किल्ली उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. मग मितालीच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आतून दोघींचं बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते.

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. म्हणाली, ‘ट्रकवाल्याला मी सात आठवडे शिव्या घातल्या, यतीन.’ आणि थोड्या वेळाने, ‘मंगळवारी मी सुट्टी घेते. त्या राजीवला विचार, मागच्या सीटवर बसू देतो का.’

किल्ली अजून तिच्याकडेच आहे. बरोबर आहे, तिथेच असू दे.

तू डिसेंबरात ये. चालवायची वेळ आली तर शेजारी बस आणि वळण आलं की नुसतं ‘ब्रेक’ म्हण. दाबेन मी.

तुझा,
आता चारही बाण शिकणारा,
यतीन