शेजाऱ्यांच्या दारातला फोन

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा तेच! ‘तंत्रज्ञानातली पुढची मोठी तेजी’ – गुंतवणूकदारांसाठी अहवाल, दोन आठवड्यांत. विक्रांत, आमच्या दिल्ली ऑफिसचा बॉस, मूळ पुण्याचा. म्हणाला, “२०२१ची फाइल उघड, साल बदल, ऑनलाइन शिक्षणाच्या जागी एआय टाक. बिल्कुल फिट बसेल.”

वाटलं, चेष्टा करतोय. फाइल उघडली. खरंच बसतंय.

५ नोव्हेंबर

जुन्या अहवालात नऊ कंपन्यांची नावं होती. आज एकेक शोधली. सहा बंद. तेव्हा मी मनापासून लिहिलं होतं, ते जास्त बोचतं.

तेजी येणारच नाही असं मी म्हणत नाही. कुणालाच माहीत नाही, एवढंच म्हणते. पण ‘माहीत नाही’ असा अहवाल कोण विकत घेणार?

८ नोव्हेंबर, शनिवार

लक्ष्मीबाई नगरला जाऊन आले, हेरंबच्या सरकारी क्वार्टरवर. आई डायलिसिसहून येऊन पडून होती. आणि आमच्या या धाकट्या बंधुराजांना गुडगावच्या एका एआय स्टार्टअपची ऑफर आलीय! सतरा वर्षांची सरकारी नोकरी सोडायची म्हणतो.

“ताई, लाट येतेय यार. आत्ता नाही तर कधीच नाही.”

म्हटलं, “लाट येतेय असं सांगणाऱ्यांतच मी बसते. आम्हाला काडीचं कळत नाही. आईचं डायलिसिस तुझ्या सरकारी कार्डावर चालतं. ते गेलं की?”

“कंपनीचा विमा असतो ना.”

“आणि कंपनीच राहिली नाही तर?” हे गिरिजाने विचारलं, त्याच्या बायकोने. तो चहा घेत राहिला. मला भीती वाटली, खरंच.

१२ नोव्हेंबर

जोखमींवर दोन पानं लिहिली होती. विक्रांतने तीन ओळी ठेवल्या, शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. भांडले. तो हळूच म्हणाला, “मार्चमध्ये टीम छोटी होणार आहे, माहीत आहे ना?” तीन ओळी तशाच ठेवल्या.

अहवालातून बाबांची गोष्टही काढून टाकायची होती. २०२१मध्ये मीच घातली होती, नाव न देता. सरोजिनी नगरच्या एका कारकुनाचा टेलिफोनसाठी नंबर लागला, त्याने ‘आपल्याला कशाला’ म्हणून सोडला, आणि पुढे दहा वर्षं प्रत्येक फोनसाठी तो शेजाऱ्यांच्या दारात उभा राहिला. शेवटी वाक्य – तुम्ही असे दारात उभे राहू नका.

विक्रांत म्हणाला, “यही तो दिल को छूता है. रहने दे.” ठेवली.

फोनला भरायचे पैसे माझ्या कॉलेजच्या फीला लागणार होते, म्हणून बाबांनी तो नंबर सोडला होता. ते मी तेव्हाही लिहिलं नव्हतं, आताही नाही.

१७ नोव्हेंबर

अहवाल गेला. वर कंपनीचं नाव, माझं कुठेच नाही. बरं झालं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हवा इतकी वाईट की घरूनच काम. द्वारकेच्या या चौथ्या मजल्यावरून समोरची बिल्डिंग दिसत नाही. घसा खवखवतोय.

हेरंबचा फोन. “सोमवारपर्यंत विचार करतो ताई. अजून मन होत नाहीये.” फोन ठेवल्यावर रडू आलं, सुटल्यासारखं वाटून. मग दोन वेळा जेवले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हेरंबने आज राजीनामा दिला.

म्हणाला, “मित्राने काल एक रिपोर्ट पाठवला. त्यात बाबा दिसले. आपल्या घराबाहेर ही गोष्ट कुणाला माहीत आहे? तू माझ्या काळजीने घाबरवत होतीस, समजलं मला. पण बाबांना मध्ये घालून तू खोटं लिहिणार नाहीस.”

मागून आई विचारत होती, कुणाचा फोन आहे रे.

मी अभिनंदन म्हणाले.