श्रेयाची मूठ

बेल्हे,
२ ऑगस्ट १९९८

ती. दादा आणि ती. आई यांस,
प्रज्ञाचा सविनय जयभीम. वि. वि.

मी इथं खुशाल आहे. खोली बरी आहे, फक्त बाजाराच्या दिवशी पहाटेपासून बैलांचे टेम्पो दाराशी लागतात आणि हॉर्नवर हॉर्न वाजतात. वाडीवरच्या शाळेत जायला पाऊण तास लागतो. पहिली-दुसरी सावळेराम गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. एकतीस मुलं आहेत. आईनं दिलेली चटणी संपली. हे आधी लिहिलं, म्हणजे आई पुढचं पत्र नीट ऐकेल.

दादा, पुण्याच्या फूटपाथवरून तुम्ही माझ्यासाठी जे पुस्तक आणलंत, ते तुम्ही उघडून तरी पाहिलं होतं का? वरच्या चित्रातला फळा आणि बाकं बघून तुम्हाला ते अभ्यासाचं वाटलं असणार. ती मुलांची कादंबरी आहे, आणि सगळी जादूची! एका वर्गात नव्या बाई येतात. त्या हजेरी घेतात, आणि ज्याचं नाव येईल त्याला एकेक शक्ती मिळते. एकाला पाखरांची भाषा कळते, एकाला भिंतीपलीकडचं दिसतं. निमा नावाच्या मुलीनं डावी मूठ मिटली की बाहेरचा सगळा वेळ थांबतो, उघडली की पुन्हा चालू होतो.

रोज शेवटचा अर्धा तास मी ते वाचून दाखवते. तुमचा विश्वास बसणार नाही, पण शाळा बुडवणारी पोरंसुद्धा यायला लागली आहेत. प्रत्येकानं आपली शक्ती निवडून टाकली. चौथीतल्या श्रेयानं निमाची मूठ मागितली. ही मुलगी आठवड्यातून दोनदा येते. तिच्या आईला फिट येते, तिच्याजवळ सतत कुणीतरी लागतं. बाप भरत बैलांचा टेम्पो चालवतो, तो घरी नसतोच. आजोबा सयाजी शेतावर. राहिली ही. मूठ कशाला हवी विचारलं, तर म्हणाली की घरातला वेळ थांबवून शाळेत येईन, आणि जाऊन परत चालू करीन.

आईच्या गुडघ्याचं कळवा. लोभ आहेच, तो रागावूनही कमी करू नका.

तुमची,
प्रज्ञा


वारूळवाडी,
११ ऑगस्ट १९९८

चि. प्रज्ञास,
भागुजीचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी आई इतकी हसली की गुडघा दुखायचा राहिला. म्हणती, सगळ्या वस्तीला जादूटोणा सोडा म्हणून सांगणारा माणूस, अन् लेकीला जादूचं पुस्तक स्वतः पिशवीत घालून देतो. मी तिला काय बोलणार? माझ्या बापानं छपन्न साली देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, तवा मी आठ वर्षांचा व्हतो. त्या दिसापासून आपल्या घरात अंगारा आला न्हाई. आता आलाच तर पुस्तकातनं आला. पोरं शाळेत येत्यात म्हणतेस, तर वाच. पण मधीमधी सांगत जा की ही गोष्ट हाय, खरं न्हाई.

त्या पोरीच्या आईचं मात्र मनाला लागलं. आमच्या एस.टी. डेपोत धर्माजी व्हता, माझ्याबरोबर टायर बसवायला. त्याला लई झटके यायचे. लोक कांदा हुंगवायचे, चप्पल हुंगवायचे. मग साहेबांनी त्याला दवाखान्यात नेला. रोज दोन गोळ्या, एक दिवस चुकवायची न्हाई. त्यानं पुढं वीस वर्ष नोकरी केली, दोन पोरींची लग्नं केली. तू जाऊन त्या लोकांना धर्माजीचं सांग. सांगायला कायबी जात न्हाई.

चटणी बेल्ह्याच्या पाव्हण्याबरोबर धाडतोय.

तुझा,
दादा


बेल्हे,
३० ऑगस्ट १९९८

ती. दादा आणि ती. आई यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

चटणी मिळाली. दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे श्रेयाच्या घरी जाऊन आले. जाऊन काही झालं नाही, हे आधीच सांगते.

सयाजीबाबांनी ओसरीवर बसवलं. चहाही ओसरीवरच आला. मी धर्माजीकाकांचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की बाई, सुनेला बाहेरचं लागलंय, देवऋषी दर अवसेला अंगारा देतो, तीन अवसा राहिल्यात. मी म्हटलं, अंगाऱ्यानं आजार जात नसतो. तर म्हणाले की पोरगी घरी येऊन सांगते, मूठ झाकली की घड्याळ थांबतंय. ते तुम्हीच वाचून दाखवता ना? तुमची शाळेतली जादू चालती, मग आमचाच अंगारा का चालत नाही?

दादा, गोष्ट वेगळी आणि आजार वेगळा, असं काहीतरी बोलले, पण ते मलाच पटल्यासारखं वाटेना.

श्रेयाची आई आतून ऐकत होती. निघताना दारात आली. तिशीचीही नसेल. कपाळावर पडल्याच्या जुन्या खुणा आहेत. म्हणाली की पोरीला निदान शेवटच्या अर्ध्या तासाला तरी येऊ द्या. ती घरी येऊन मला गोष्ट सांगते, मला पण लई आवडती. शेवटी असं ठरलं की शेजारच्या ठकूबाईंनी तेवढा वेळ हिच्याजवळ बसायचं आणि श्रेयानं यायचं. आता ती रोज साडेचारला पळत येते, दारापाशी बसते आणि संपलं की पळत जाते. मी एवढंच करू शकले.

आईनं गुडघ्याला शेक देत जावा. तुमच्या मायेतला माझा वाटा राखून ठेवा.

तुमची,
प्रज्ञा


बेल्हे,
२७ सप्टेंबर १९९८

ती. दादांस,
सविनय जयभीम.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका. आधी तुम्ही वाचा.

चौदा तारखेला, सोमवारी, श्रेया नेहमीपेक्षा लवकर आली आणि दारापाशी बसली. मी वाचत होते. तिची डावी मूठ मिटलेली दिसली. चिंचा लपवल्या असतील असं वाटून मी हसून म्हटलं की उघड बघू. तिनं मान हलवली. मीही आग्रह केला नाही आणि पुढं वाचत राहिले. धडा रंगात आला होता.

धडा संपायच्या आत ठकूबाई ओरडत शाळेत आल्या. त्या दिवशी त्या बाजाराला गेल्या होत्या, परतल्यावर त्यांनीच पाहिलं. श्रेयाची आई चुलीपुढं भाकरी थापत एकटीच होती. तिथंच फिट आली. उजवा हात चुलीत गेला, आणि तो बाहेर काढायला घरात कुणी नव्हतं.

भरतच्या टेम्पोतूनच तिला नेलं. आधी नारायणगावला, तिथून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात. जीव वाचला. तीन बोटं काढावी लागली आणि कोपरापर्यंत हात गेल्यातच जमा आहे. दवाखान्यात त्यांनी फिटच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. भरत सांगत होता की गोळ्या चालू झाल्यापासून एकदाही फिट आली नाही. हे ऐकून मला रडू आवरेना. एवढ्या गोळ्यांसाठी मी त्या ओसरीवर बसले होते.

आता दुसरं. वाडीत बोललं जातंय की बाईंनी पोरीला करणीची मूठ मारायला शिकवलं. ठकूबाईंनी ती मिटलेली मूठ पाहिली होती. शाळेपासून घरापर्यंत श्रेयानं ती उघडलीच नाही, दाराशी गेल्यावर कुणीतरी बोटं सोडवली. सयाजीबाबा शाळेत येऊन गेले. म्हणाले की तुमची माणसं देव मानत नाहीत, पण मूठ बरी मानता. वर्ग सगळा ऐकत होता.

त्यांनी लेखी तक्रार दिली आहे. केंद्रप्रमुखांनी माझ्याकडून पंधरा दिवसांत खुलासा मागितला आहे. सावळेराम गुरुजींनी पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलं. ते वाईट नाहीत, पण माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नाहीत. खुलाशाचा कागद समोर आहे. काय लिहू ते कळवा.

तुमची,
प्रज्ञा


वारूळवाडी,
२ ऑक्टोबर १९९८

चि. प्रज्ञास,
सप्रेम जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या आईनं हातातनं घेतलं आणि शेजारच्या राकेशकडनं वाचून घेतलं. कालपासनं ती जेवली न्हाई.

काल विहारात धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम व्हता. दरसाल मी दोन शब्द बोलतो. काल उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो. बेचाळीस वर्ष झाली देव सोडून, आणि माझ्या लेकीवर मुठीचा आळ. ज्या घाणीतनं बाहेर पडलो तीच परत तोंडाला फासली.

प्रज्ञा, मान खाली घालू नको. खुलाशात सरळ लिही की जगात मूठबिठ काय नसतं. ती गोष्ट व्हती. पोरगी आईला एकटी टाकून आली, ती घरच्यांनी सोडली म्हणून आली. पोरीच्या आईला दवाखान्यात न्या म्हणून तू आधीच सांगितलं व्हतंस, ते तारीखवार लिही. ठकूबाईचं लिही. अंगाऱ्याचं लिही. तुझी चूक काडीची न्हाई. लागलं तर मी येतो, आणखी चार माणसं आणतो.

पण एक सांगतो. पुस्तक मीच आणलं व्हतं. वाचून आणलं असतं तर बरं झालं असतं, असं सारखं मनात येतंय. हे तुझ्या खुलाशात लिहू नको.

तुझा,
दादा


बेल्हे,
११ ऑक्टोबर १९९८

ती. दादा आणि ती. आई यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसा खुलासा मी लिहिला होता. दोन पानं, तारीखवार. द्यायच्या आधी एकदा श्रेयाला भेटावं म्हणून गुरुवारी तिच्या घरी गेले. सयाजीबाबा ओसरीवर होते. त्यांनी मला ये म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. आतून श्रेयाच्या आईनंच हाक मारली. तिचा हात फडक्यात बांधलेला होता. ती म्हणाली की बाई, तुमच्यावर माझा राग नाही. मग औषधाच्या गुंगीत डोळे मिटून पडली.

श्रेया भाकरी करत होती. सगळं आता तिच्यावरच आहे. शाळेचं नाव कुणी काढत नाही. मी तिच्याजवळ बसले आणि हळूच म्हटलं की बाळा, तुझा दोष नाही. मूठ मिटली की वेळ थांबतो असं तुला खरंच वाटलं, तू लहान आहेस, मीच तुला नीट सांगायला हवं होतं.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "बाई, मला माहीत व्हतं तसं काय होत नाय. ठकूकाकू बाजारला गेली ते पण माहीत व्हतं. मला फक्त पुढचं ऐकायचं व्हतं."

मूठ मग कशाला मिटली होतीस, विचारलं. तर म्हणाली की भ्या वाटत होतं म्हणून. आणि मग माझा पदर धरून म्हणाली, "आजोबांना सांगू नका. त्यांना जादूच वाटू द्या. माझ्या आईला पण."

दादा, मी तिला हो म्हटलं.

घरी येऊन ती दोन पानं फाडली. त्यात सगळं खरं होतं, पण त्यावर चौकशी झाली असती. श्रेयाला समोर उभी करून विचारलं असतं, आणि ती खरं बोलली असती. म्हणून नवा खुलासा चार ओळींचा दिला. मी गोष्ट खरी असल्यासारखी वाचली, लहान मुलीला ती खरी वाटली, याची जबाबदारी माझी आहे, एवढंच. शुक्रवारी केंद्रप्रमुखांनी तो वाचला आणि बरं झालं म्हणाले. दिवाळीनंतर मला आंबेगाव तालुक्यात, कळंबच्या बाजूच्या एका शाळेवर जायचं आहे. वाडीला वाटणार की बाईंनी कबूल केलं.

तुम्हाला हे पटणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही आयुष्यभर जे लोकांच्या डोक्यातून काढत आलात, ते मी सही करून वाडीत ठेवून निघाले. तुम्ही माणसं घेऊन इकडं येऊ नका, ही विनंती आहे. रागवायचं असेल तर मी सुट्टीला घरी आल्यावर रागवा.

गुरुवारी निघण्याआधी मी श्रेयाला विचारलं की गोष्टीत पुढं काय झालं ते सांगू का? तिनं मान हलवून नको म्हटलं आणि डब्यातलं पीठ परातीत घेतलं.

सुट्टीला येते. तोवर मनातून उतरवू नका.

तुमची,
प्रज्ञा