कोपराचं पाणी

चरोदा,
१४ नोव्हेंबर

चि. उत्कर्षास,

बाबाचे आशीर्वाद. बाबाचं पत्र पाहून तुला हसू येईल. माझी तब्येत बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. इथे थंडी पडायला लागली आहे. तुला आठवा लागला, तेव्हा जिने चढू नकोस आणि इंदूरच्या त्या शेव-पोह्यांवर ताव मारू नकोस.

चार दिवस माझा फोन बंद आहे, त्याची काळजी करू नकोस. फोन बिघडलेला नाही. मीच बंद करून गव्हाच्या डब्यात ठेवला आहे. वाजला की छातीत धस्स होतं.

झालं असं, की मंगळवारी सकाळी एकाचा फोन आला. पेन्शनच्या कागदांचं काहीतरी म्हणाला. बोलणं अगदी अदबीचं. "मास्टर साहब, आपके पास छह अंक का नंबर आया होगा, बोलिए." चौतीस वर्षं मी स्टेशन मास्तर होतो, पोरी. गाडी पुढे सोडायची म्हणजे शेजारच्या स्टेशनचा मास्तर लाइन मोकळी असल्याची खूण म्हणून फोनवर प्रायव्हेट नंबर देणार, आपण तो वहीत उतरवून घेणार, आणि मग गाडी सुटणार. फोनवर नंबर मागितला की द्यायचा, ही सवय हाडात गेलेली. मी सहाही आकडे एकेक करून सांगितले, नियमाप्रमाणे दोनदा. वर वहीत वेळ लिहिली, ११.४२. ती ओळ अजून तशीच आहे.

दुपारपर्यंत माझ्या मेलच्या खात्याला माझाच पासवर्ड चालेना.

शेजारच्या टिकारामची मोना कॉम्प्युटर शिकते, तिला बोलावलं. ती म्हणाली, चोराने खात्याला जोडलेला नंबर बदलला आहे; खातं परत मिळवायला आधीच्या नंबरवर कोड येतो, पण तो जुना नंबर बदलल्यापासून सातच दिवस चालतो. स्क्रीनवर त्या नंबराचे शेवटचे दोन आकडे दिसले, ४७. तो तुझ्या आईचा नंबर. शीला गेल्यावर मी त्यात रिचार्ज टाकला नाही. कपाटात तिचा फोन वाजायचा आणि मला घरात थांबवत नसे. नंबर बंद पडला, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

तो नंबर आता रसमड्याच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या साधना नावाच्या बाईकडे आहे. मोनाने कोड पाठवला, मी फोन लावला, तिचं नाव-गाव विचारलं, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, नंबर आया है. पर ओटीपी किसी को नहीं बताते. हमको कंपनी में यही सिखाया है." आणि फोन ठेवला. राग कुणावर काढू? जे मी करायला हवं होतं, तेच तिने केलं.

आता ज्याच्याभोवती घुटमळतोय ते लिहितो. आईने दवाखान्यातून तुझ्या बाळंतपणासाठी माझ्या फोनमध्ये बोलून अकरा आवाज भरून ठेवले होते. बाळ झाल्यावर द्या म्हणाली होती. तू दोनदा विचारलंस, "बाबा, कॉपी केली ना?" मी हो म्हणालो. केली नव्हती. तू पाठवलेला पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये वेष्टनासकट पडला आहे. फोन भरला म्हणून मी आवाज त्या खात्यात टाकले, फोनमधून पुसले, आणि त्यालाच कॉपी समजलो.

उद्या सकाळच्या लोकलने दुर्गला आणि तिथून रसमड्याला जाईन. शीलाचं आधार, मृत्यूचा दाखला आणि नंबर लिहिलेली तिची जुनी डायरी बरोबर नेतो. त्या बाईपुढे बसेन. ती नाही म्हणाली, तर ती बरोबरच असेल आणि मला बोलायला तोंड नसेल.

टिकारामच्या फोनवरून तुला आजच सांगता आलं असतं. मुद्दाम पत्र लिहितोय. हे तुझ्या हातात पडेल तोवर सात दिवस संपलेले असतील. तुझं रडणं मला फोनवर ऐकायचं नव्हतं. इतका भित्रा बाप आहे तुझा.

आणि अजून एक. अकरांतला मी एकच आवाज ऐकला. पुढचे ऐकायची हिंमत झाली नाही. म्हटलं, कुठे जातायत, तुझ्याबरोबर बसून ऐकू. त्यामुळे बाकी दहांत काय होतं, ते मला तोंडीही सांगता येत नाही. त्या चोराला हवं तर तो ऐकू शकतो, मी नाही.

माझ्या नावाने आता कोणीही तुला काहीही लिहील. हे पत्र माझंच, याची खूण माझं अक्षर. त्याच अक्षरात शीलाचं ते एक बोलणं खाली उतरवतो. तेवढं पाठ आहे:

"उत्कर्षा, बाळाले न्हाऊ घालताना पानी आधी आपल्या कोपरावर टाकून पाह्यजो. भेव वाटलं तं वाटू दे. तुले पयल्यांदा पान्यात घेतलं तवा माहे हात कापून राहिले होते. कोनालेच सांगितलं नाही म्या."

हे कुठेतरी दोन ठिकाणी लिहून ठेव.

तुला हो म्हणून खोटं सांगणारा,
तुझा बाबा
देवीदास