मुशीच्या कालवणावरचा आरोप

आई, तुझ्या मुशीच्या कालवणामुळे माझा मुलगा कधीही ओकला नव्हता, एवढंच मला इथे सिद्ध करायचं आहे. तू जाऊन बावीस वर्षं झाली. निकाल ऐकायला आता कोणी नाही. पण आरोप मी ठेवला होता, तेव्हा तो मागे घेण्याचं कामही माझंच.

वस्तुस्थिती अशी होती. आम्ही सालवडला दोन खोल्यांत राहत होतो. हे तारापूरला रंगांच्या कारखान्यात पाळीवर जात. मी पालघरच्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत असे आणि तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते. मूल दीड महिन्याचं. प्रत्येक वेळी पाजलं की ते दूध ओकायचं, पाठीची कमान करून लालबुंद होईतो रडायचं. त्याचं वजन वाढत नव्हतं, आणि ही गोष्ट आम्ही दोघेही एकमेकांसमोर उच्चारत नव्हतो. बोईसरचे डॉक्टर म्हणाले, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडप अजून सैल आहे, पोटातलं आंबट वर येऊन जळजळतं. पाजल्यावर उभं धरा, वर्षाच्या आत थांबेल. तुझ्या कालवणाविषयी त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. ते कलम मी घातलं.

तू शिरगावहून नेहमीसारखा डबा घेऊन येतेस. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीची मासळी, भरपूर लसूण आणि कोकम घातलेली. इतके दिवस खाल्ली, त्या दिवशी मात्र मी झाकणही उघडत नाही. आंबट खाल्लं की दूध आंबट होतं आणि तेच बाळाला बाधतं, असं मी तुला समजावून सांगते. "तुमी चारी भावंडं मुशीच्या दुदावर वाडलात," तू म्हणतेस. मी म्हणते, ही उदाहरणं झाली, पुरावा नव्हे. त्यावर तू खुंटीवरच्या यांच्या सदऱ्याकडे हात करतेस. "जावयाच्या कपड्यांना त्या रंगाचा वास हाय, तो चालतो. माजी मासलीच तेवडी बाधते काय गो?" मग माझा चेहरा बघून डबा पिशवीत ठेवतेस. "बरं. नाय आनत."

त्या दिवसापासून तू आमच्याकडेच राहिलीस. पाजून झालं की मुलाला खांद्यावर उभं घ्यायचीस आणि अर्धा-अर्धा तास व्हरांड्यात फेऱ्या मारायचीस. शेजारची बिहारी बाई हसायची, "अम्मा, इसको कभी नीचे भी रखोगी?" तू तिला मराठीतच उत्तर द्यायचीस, "बाटलीला बूच नसलं तर बाटली उभीच धरायची, बाय." पंधरा दिवसांत ओकणं जवळजवळ थांबलं, वजनही वाढलं. मी निष्कर्ष काढला की मासळी बंद केल्याचा हा गुण, आणि तो तुझ्यादेखत त्या शेजारणीला ऐकवला. वास्तविक एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या: डबा बंद झाला होता आणि तुझा खांदा सुरू झाला होता. अकरावीच्या विद्यार्थ्याने असं उत्तर लिहिलं असतं तर मी खाली लाल रेघ ओढली असती.

पुढे तू काकांकडच्या लग्नाला चार दिवस गावी गेलीस. मासळी बंदच होती. माझे हात भरून यायचे, म्हणून पाजलं की मी मुलाला आडवं ठेवत असे. चारही दिवस ते पूर्वीसारखंच ओकलं. याहून स्वच्छ पुरावा मला पुढे आयुष्यात क्वचितच मिळाला. तू परत आलीस आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलंस, "चार दिस ओकलं काय गो पोर?" शिकलेल्या मुलीने आपल्या आईसमोर चुकू नये, असं मला तेव्हा वाटत असे. मी उत्तर दिलं. ते ऐकून तू भिंतीला टेकून बसलीस. "मंग मासलीच होती ती," म्हणालीस.

त्यानंतर दोन्ही सुनांच्या बाळंतपणात तू मुशीला हात लावला नाहीस. धाकटीने आपणहून मागितली तेव्हा तिला म्हणालीस, "नको. पोराला बाधते. मी बगितलंय." मी तिथेच बसले होते.

तुला अक्षरओळख नव्हती. म्हणजे हे पत्र तू असतानाही पाठवून भागलं नसतं, समोर बसून सांगावं लागलं असतं. आणि त्यासाठी मला पुरी अकरा वर्षं मिळाली होती. निष्कर्ष चुकला, त्याला मी चूक म्हणत नाही, निष्कर्ष चुकतात. चूक खाली लिहून देते.

तू विचारलंस तेव्हा मी "नाही, एकदाही नाही" असं म्हटलं होतं.

तुझी थोरली