एनिफाच्या नावावरची काडी

लिलाँग्वे, ४ मार्च २०२३

ती. एनिफाताईस धाकट्या उलेमूचा शि. सा. न.

तपासणीची गाडी गावात आली तेव्हा तू दिलेली नमुन्याची काडी आमच्याच प्रयोगशाळेत आली. नाव वाचून हरखले, निकाल वाचून लगेच पत्राला बसले. गर्भाशयाच्या तोंडाशी सोळा नंबरचा विषाणू आहे. कर्करोग झालाय असं नाही, पण पुढे होऊ शकतो. गुरुवारी ये. डाग दिसलाच तर तिथल्या तिथे जाळतात, संध्याकाळी घरी. सबबी नकोत.

तुझ्या मायेला सोकावलेली,
उलेमू

डेड्झा, ११ मार्च

चि. उलेमूस पोटभर आशीर्वाद.

जेवतेस ना, की नुसत्या नळ्या धूत बसतेस? अगं, शेजारच्या एस्नार्टलाही सोळाच निघाला होता, बाईनं चर्चभर सांगितलं! वर्षात आपोआप गेला. मग माझ्याच मागे का लागलीस? भुईमूग उपटायला आलाय. तुझी भाची तियामिके एकटी किती करणार? जावई दोन वर्षं जोहान्सबर्गहून हलायचं नाव घेत नाहीत. पुढच्या वर्षी बघू.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
एनिफा

लिलाँग्वे, १६ मार्च

ताई, सा. न. भांडायलाच लिहितेय.

गावातले सगळे बांदा आडनावाचे एका स्वभावाचे आहेत का? मग सोळा नंबरवाले कसे असतील? त्यांच्यातही घराणी आहेत. काही बहुतेकदा मुकाट निघून जातात, काही जास्त चिवट. त्यांनी पेशी बिघडवण्याची भीती मोठी. तुझ्या काडीत चिवट घराणं निघालंय. होईलच असं नाही, पण वर्षभर थांबू नकोस.

आणि कागदावर पाळी चालू असं लिहिलंय. तुझी तर केव्हाच थांबली. खरं सांग, काडी कुणाची?

तुझीच,
उलेमू

डेड्झा, २१ मार्च

चि. उलेमूस आशीर्वाद.

पकडलंस गं बाई. काडी तियामिकेची. नवरा परदेशी असताना तिच्या नावावर असलं काही निघालं, तर लग्नाचे जामीन राहिलेले दोन्हीकडचे मामा चटया टाकून निवाड्याला बसतील, कुठून आणलास म्हणून. मीच म्हटलं, माझं नाव सांग. पातेलं उसनं द्यावं तसं नाव दिलं. आता घास उतरत नाही. पोरीचं काही चुकलं असेल का गं?

एनिफा

लिलाँग्वे, २५ मार्च

ताई, सा. न.

वेडी आहेस. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. लग्नाआधीचा असेल, जावयांकडूनही आला असेल. आमचं यंत्र घराणं सांगतं, कुणी आणला ते सांगत नाही. मामांना काय कळणार डोंबल! तू एकटी आली असतीस तर तुझ्यात काही सापडलं नसतं, आणि पोरगी तशीच घरी राहिली असती. या विचारानं मला रडू फुटलं. तिला घेऊन ये. तिच्या नावानं.

उलेमू

डेड्झा, २ एप्रिल

चि. उलेमूस अनेक आशीर्वाद.

दवाखान्यात तू घाईत होतीस, म्हणून लिहिते. रांगेत नेमकी तियामिकेची सासू उभी! खिडकीवर नाव विचारलं तशी मी माझं सांगायला गेले. पोरीनं माझा हात दाबला आणि स्वतःचं नाव खणखणीत सांगितलं. डाग निघाला, जाळला. पुन्हा दाखवायला यायचंय.

खिडकीवरचं सगळं ऐकलेल्या सासूबाईंनी बाहेर विचारलंच, हे आलं कुठून. तियामिके म्हणाली की ते यंत्रालाही कळत नाही, हवं तर तुमच्या लेकालाही विचारा. मी जीव मुठीत धरून उभी. सासूबाईंनी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन त्यांनी हळूच विचारलं, काडी घालताना फार दुखतं का.

तुझी,
एनिफा