रहिमतपूरला दोन मिनिटं

पलूस,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अंजनास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही असेल, असं धरून चालते.

पत्रास कारण, खुर्ची. साताऱ्याच्या अभ्यासकेंद्रात माझ्या वाट्याला आलेल्या खुर्चीला लिहायची फळी जोडलेली आहे आणि ती फळी मी टिपण घ्यायला लागले की माझ्या गुडघ्यावर आदळते. मी रीतसर अर्ज दिला. पोच घेतली. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र दिलं. पाटबंधारे खात्याला झुकवलेली बाई मी, एका स्क्रूपुढे हरले. अखेर शिपायाने तोंडी निकाल दिला, "ताई, शेजारची खुर्ची मोकळीच हाय की." अन्याय कसा पचवायचा हे आता मला शिकवलं पाहिजे.

तुला कुणी सांगितलं की नाही, ठाऊक नाही. एक्कावन्नाव्या वर्षी मी परत वर्गात बसते आहे. समुपदेशनाचा पदव्युत्तर डिप्लोमा, आमच्यासारख्या काम करणाऱ्या समाजसेवकांसाठी. महिन्याला दोन रविवार. संस्थेने ठरवलं की सल्ला केंद्राच्या टेबलामागे बसायचं तर हा कागद हवा. मी अध्यक्षांना विचारलं, मग बावीस वर्षं मी केलं ते काय होतं? ते म्हणाले, "अनुभव." शिवी द्यावी तसं.

वर्ग मजेशीर आहे. सगळे पन्नाशीच्या आसपासचे, सगळ्यांना सगळं येतं. शिकवायला साक्षीमॅडम, वय सत्तावीस. बोलणाऱ्याकडे अशी बघते की माणूस आपोआप खरं सांगतो. भारी त्रासदायक मुलगी. पहिल्याच महिन्यात तिने आम्हाला जोडीजोडीने बसवलं, एकाने दुःख सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं. माझ्यापुढे पाटणकडचे केरबाभाऊ आले, तीस वर्षं धरणग्रस्तांत काम केलेले. त्यांनी घसा साफ केला, म्हणाले, "माझा थोरला मुलगा..." आणि मी त्यांना तीन उपाय सांगितले. केरबाभाऊ म्हणाले, "आवं ताई, दुखणं अजून तोंडातच हाय आन तुमी औषध बी पाजलं." वर्ग हसला. मीही हसले. परत येताना गाडीत मात्र हसू येईना.

गाडीवरून आठवलं. मी किर्लोस्करवाडीहून सकाळची पॅसेंजर धरते. कराड जातं, मसूर जातं, मग तुझं रहिमतपूर येतं. तिथे गाडी दोन मिनिटं थांबते. जाताना दोन, येताना दोन. अकरा फेऱ्या झाल्या. त्या दोन मिनिटांत मी पर्समधली सुटी नाणी नीट लावते, नाहीतर चष्मा पुसते. मागच्या खेपेला समोरची बाई म्हणाली, "किती पुसताय, काच पातळ होईल की."

तुझ्या शिवांजलीच्या लग्नात तू माझ्या पाया पडलीस, "जेवून जा आक्का," म्हणालीस आणि पाहुण्यांत निघून गेलीस. मी घरी येऊन सगळ्यांना मांडवात पंखे किती कमी होते ते सांगितलं. सहा वर्षांत तुझं माझं एवढंच बोलणं. त्या तीन शब्दांवर मी अजून आहे.

आता मूळ मुद्दा. परीक्षेऐवजी आम्हाला एका भेटीची शब्दशः नोंद द्यायची आहे. आलेल्या माणसाचं बोलणं निळ्या शाईने, आपलं लाल शाईने. भेट कोणती, तर जी अजून टोचते ती. मी म्हटलं, माझी एकही टोचत नाही. साक्षीमॅडम तशीच माझ्याकडे बघत राहिली. सात सेकंद, मी मोजले.

मग घरी येऊन जी लिहिली, ती तुझी.

जून २०१९, दुपारी तीन. तू माझ्या घरी न येता सल्ला केंद्रावर आलीस, हे तेव्हा मला विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही. तुला बहीण नको होती, ऐकणारं कुणीतरी हवं होतं. लिहिताना मला तुझं सगळं आठवलं, कारण ते फार थोडं होतं.

"आक्का, ते माझ्याशी बोलत न्हाईत. सात महिने झालं."

"मिरची संपली तरी शिवांजलीला म्हनत्यात, तुझ्या आईला सांग."

"कवा कवा मला वाटतं मी घरात हाय का न्हाई."

एवढं निळं. बाकी पानाच्या दोन्ही बाजू लाल. सयाजीराव मारतात का? नाही. पितात का? नाही. पेन्शन हातात देतात? देतात. माझ्या छापील अर्जात मारहाण, व्यसन, हुंडा, संशय असे चार रकाने होते आणि तुझं दुःख एकाही रकान्यात बसेना. म्हणून मी ते नाहीच असं ठरवलं. म्हटलं, फौजेतून आलेला माणूस आहे, वेळ लागतो. म्हटलं, इथे बायका भाजून येतात, तू नशीबवान आहेस. अंजू, हे वाक्य मी लाल शाईने लिहिलं तेव्हा पेन टेबलावर ठेवून अंगणात जाऊन आले. दोनदा.

आणि मग तुझं शेवटचं निळं वाक्य, "मी चार दिवस इथं र्‍हाऊ का?"

मी म्हटलं, "चार दिवसांनी काय सुटणार आहे?" आणि तुला रिक्षात घालून साताऱ्याच्या गाडीत बसवून आले.

नोंदीखाली 'असे का केले' म्हणून चार ओळी सोडलेल्या असतात. मी त्यात 'कामाचा ताण' लिहिलं. खोटं आहे ते. त्या आठवड्यात केंद्राची वार्षिक पाहणी होती. अहवालात मी 'जुळवलेले संसार : ३४१' असा आकडा टाकला होता. तो आकडा टाकणारीच्याच घरात सख्खी बहीण नवऱ्याला सोडून येऊन बसलेली मला नको होती. लोक काय म्हणतील याचा विचार करू नका, असं मी बावीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले.

आलेल्या माणसाच्या परवानगीवाचून नोंद द्यायची नाही, असा नियम आहे. नाव बदललं तरी नाही. म्हणून ती पानं सोबत ठेवते आहे. प्रत काढलेली नाही. जाळलीस तरी चालेल. माझ्याकडून काही राहिलं असेल, चुकलं असेल, तर समासात लिही. समास मोठा सोडलाय. पानं परत आली नाहीत तर माझा डिप्लोमा अडकेल आणि टेबल दुसऱ्या कुणाला मिळेल. ते तू मनावर घेऊ नकोस. हे वाक्यही खोडणार होते, तुझ्यावर ओझं नको म्हणून. पण आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

फोन का केला नाही? फोनवर मी बोलत सुटते, तुला माहीत आहे. कागद तू घडी घालून गप्प करू शकतेस.

येत्या दोन मार्चला, रविवारी, नोंद द्यायचा शेवटचा दिवस आहे. पानं त्याआधी आली तर टपालाने पाठवेन, पण त्या दिवशी मी साताऱ्याला जाणार नाही. रहिमतपूरला उतरणार आहे. पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसेन. परतीची गाडी संध्याकाळी आहे. तू आलीस तर ऐकेन. नाही आलीस तरी बसेन. गप्प बसायचा माझा सराव फारच कमी पडलाय.

तेव्हा तू स्टीलच्या डब्यात आलेपाक आणला होतास. वर तुझं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेला तो डबा. आलेपाक मी पाहणीला आलेल्या साहेबांना चहाबरोबर दिला. डबा सहा वर्षं माझ्या फळीवर आहे, दर दिवाळीला घासते आणि परत ठेवते. रिकामा कसा पाठवायचा, आणि भरायचा तर कशाने, यातच राहिला. आज तासगावचे बेदाणे भरलेत. नवे अजून शेडवर वाळतायत, हे गेल्या सालचे आहेत. पत्र आणि पानं त्यावरच ठेवते आणि डबा उद्याच्या पार्सलने पाठवते.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं.

राहा. मागची खोली झाडून ठेवली आहे. चार दिवस मोजायचे नाहीत.

तुझं बोलणं पुरं व्हायची वाट बघणारी,
आक्का