रक्ताचा हात

३ ऑक्टोबर
पोहोचलो एकदाचा! आत्या स्टेशनवर न्यायला आली होती. हातात पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर आमचं आडनाव, फक्त त्यात एक काना कमी. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुरुस्त करायला हात शिवशिवला.

आडनाव आलं कुठून, हा माझ्या डोक्यातला जुना किडा. निवृत्त झालो तशी लेकीने डीएनए चाचणीची नळी आणून दिली. नळीत थुंकलो, पाठवली, आणि पाच आठवड्यांनी या बाई सापडल्या. माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची मुलगी, म्हणजे नात्याने माझी आत्या. इतकी वर्षं वाटायचं, या आडनावाचे आम्ही दोघंच, मी आणि लेक. आत्या म्हणाली, तो काना आजोबांनीच घातला, घर सोडून पळाले तेव्हा. का पळाले, ते सांगितलं नाही.

वरची खोली दिलीय. खिडकीशी टेबल, नवीकोरी गादी. लेकीला फोन केला. म्हणाली, फार रमू नका हं तिकडे.

५ ऑक्टोबर
खालच्या खोलीत आत्याचा धाकटा भाऊ, माझा काका, अंथरुणाला खिळलेला. दोन वर्षांपूर्वी तळपाय बधिर झाले, मग ते वर वर चढत गेलं. आता मानेखाली काहीच कळत नाही. डॉक्टरांनी हात टेकलेत. माणूस मात्र गमत्या. म्हणाला, अंगावर मुंगी चढली तर तिला आधी पत्राने कळवावं लागतं.

आत्या त्याला हातमोजे घालून, लांब दांड्याच्या चमच्याने भरवते. मला म्हणाली, जरा त्याचे पाय तेलाने चोळ, रक्ताच्या माणसाचा हात लागला की त्याला बरं वाटतं. अर्धा तास चोळले. वडिलांची सेवा माझ्या हातून झाली नव्हती. मलाच बरं वाटलं.

९ ऑक्टोबर
रोज दुपारी पाय चोळतो. आज काकाचा अंगठा हलला! आत्या रडायलाच लागली. काका माझ्याकडे बघेना.

११ ऑक्टोबर
रस्त्यात डावी चप्पल निसटली, कळलंच नाही. मागून एका बाईने हाक मारून आणून दिली. तळव्याला टाचणी टोचून पाहिली. काही नाही. आत्या म्हणाली, वय झालं आता.

१४ ऑक्टोबर
काठी घेऊन नोंदणी कार्यालयात गेलो. कारकून उत्साही. जन्ममृत्यूच्या जाडजूड वह्या काढून दिल्या, वर या घराविषयी ऐकीव तेही सांगितलं. दर पिढीत घरातला एक जण बधिर होतो. तो मरत नाही. पुढे बरा होतो, म्हातारा होऊन चालताबोलता जातो. त्याच्या दुखण्याने मरतो तो दुसराच. त्याच आडनावाचा, बाहेरगावाहून येऊन राहिलेला. कारणाच्या रकान्यात दर वेळी तेच : सर्वांग बधिर. आत्याच्या वडिलांच्या वेळी कुणी लांबचा पुतण्या. त्याच्या आदल्या वर्षी आजोबा पळाले होते. एकोणीस वर्षांचे.

कारकून म्हणाला, तुमच्या आडनावाचा पाहुणा इथून परत गेलेला काही मी वाचला नाही. हसला. मीही हसलो. भीती वाटायला हवी होती. छातीपर्यंत आलीच नाही.

१५ ऑक्टोबर
बॅग भरली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय आहेत की नाहीत कळेना. गडगडत खाली. रक्त आलं. दुखलं नाही. उचलायला दोघं धावली. आत्या, आणि काका — चालत.

१७ ऑक्टोबर
खालची खोली. काकाचा पलंग. आता मी त्यावर.

आत्याला सरळ विचारलं. तिने काही लपवलं नाही. आडनावाने शोधून थकली, म्हणून तिनेही नळी पाठवली होती. म्हणाली, "माझा भाऊ आहे तो. तुला मी ओळखत तरी होते का रे?"

मग भरवलं. लांब दांड्याचा चमचा. राग येईल म्हणून थांबलो. आला नाही.

१९ ऑक्टोबर
कमरेपर्यंत. फोन मागितला. चार्जिंगला लावलाय म्हणे. कालही लावलेला. बाहेर काका झाडांना पाणी घालतोय. शीळ वाजवत.

२० ऑक्टोबर
काका दारात उभा. आत आला नाही. म्हणाला, माफ कर. मग म्हणाला, तुझ्या मुलीला कळवलंय. तुझंच रक्त. तूही सुटशील.

मी नको म्हणालो.
म्हणालो ना? म्हणालो असेन.

२१ ऑक्टोबर
लेक आली. खांद्यावरची बॅगही न उतरवता, बाबा, बाबा करत. आत्याने तेलाची वाटी तिच्या हातात दिली.

पायथ्याशी बसलीय. काय लिहिताय, विचारते. थांब म्हणायचंय. तोंड उघडलं — आणि विचारलं, गाडीत जागा मिळाली का.

डाव्या पायाची करंगळी — ऊब — तिचा हात. किती दिवसांनी —

सांगतो तिला. हे वाक्य झालं की सांगतो. एवढी टाच जरा —